आठ पदं निवडायची, पण निवडणारे कोण?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याची मतपत्रिका आपल्याकडच्या मतदाराच्या हातात दिली, तर तो आधी तिची लांबीच बघत बसेल. दर चार वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, तिथला मतदार गव्हर्नर, म्हणजे राज्याचा कारभार चालवणारा प्रमुख, निवडतो. त्याच कागदावर लेफ्टनंट गव्हर्नर निवडतो, आणि हे दोघं वेगवेगळ्या पक्षांचे निघाले तरी चालतं. मग सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचा आणि कंपन्यांच्या नोंदणीचा कारभार पाहणारा अधिकारी. मग ॲटर्नी जनरल (सरकारचा वकील), राज्याचा लेखापरीक्षक, खजिनदार, कृषी आणि वाणिज्य आयुक्त, विमा आयुक्त. ही झाली राज्यभरातून निवडायची आठ पदं. शिवाय विजेचे दर ठरवणारे तीन आणि रस्ते सांभाळणारे तीन असे सहा आयुक्त विभागवार निवडायचे. राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहं, सिनेट आणि हाउस; त्यांच्या अनुक्रमे 52 आणि 122 जागा याच दिवशी. आणि त्याखाली काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, शेरीफ (पोलीस प्रमुख), क्लर्क, कोरोनर, कर आकारणारा अधिकारी, थेट कॉन्स्टेबलपर्यंत.

आपल्याकडे विधानसभेला आपण एक आमदार निवडतो आणि घरी येतो. मुख्यमंत्री कोण, हे आमदार ठरवतात (निदान कागदावर तरी). राज्याचा महाधिवक्ता मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नेमला जातो, सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला राष्ट्रपती नेमतात. त्यामुळे मिसिसिपीची यादी वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया अशीच होते की खरी लोकशाही म्हणतात ती हीच. ‘थेट जनतेतून’ या दोन शब्दांचं आपल्याकडेही मोठं आकर्षण आहे. सरपंच थेट जनतेतून, नगराध्यक्ष थेट जनतेतून, आणि अधूनमधून कुणीतरी मुख्यमंत्रीही थेट जनतेतून निवडावा असं सुचवतंच.

माझं म्हणणं असं आहे की मिसिसिपीच्या या आठ पदांमधली काही पदं खरोखर मोलाची आहेत आणि त्यांचा हेवा वाटावा असं काम त्यांनी केलेलं आहे. पण याच राज्याने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हेही दाखवून दिलं की प्रत्येक पद निवडणुकीने भरूनसुद्धा लोकांच्या एका मोठ्या भागाला सत्तेपासून पद्धतशीर दूर ठेवता येतं. निवडून द्यायच्या पदांच्या संख्येवरून लोकशाही मोजणारा माणूस चुकीच्या जागी बघतोय. बघायचं ते मतदार यादीकडे, आणि मतं मोजण्याच्या नियमाकडे.

आधी चांगली बाजू, कारण ती खरी आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.

1994 साली माइक मूर हे मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल होते. सिगारेटमुळे होणाऱ्या आजारांवर सरकारी आरोग्य योजनेतून, म्हणजे मेडिकेडमधून, राज्याला जो खर्च करावा लागतो तो तंबाखू कंपन्यांकडून वसूल करावा म्हणून त्यांनी दावा लावला. असा दावा लावणारं मिसिसिपी हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. गव्हर्नर कर्क फोर्डिस यांना हे मान्य नव्हतं. मूर डेमोक्रॅट, फोर्डिस रिपब्लिकन. पण हे नुसतं पक्षीय भांडण राहिलं नाही. आपल्या परवानगीशिवाय ॲटर्नी जनरलला असा दावा लावता येत नाही, असं म्हणत गव्हर्नर स्वतः राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांची मागणी मानली नाही. 1997 च्या जुलैत, खटला उभा राहायच्या आत, कंपन्यांनी मिसिसिपीशी तीन अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड केली. पुढच्याच वर्षी 46 राज्यांशी मिळून जो मोठा करार झाला, त्याची वाट इथूनच निघाली.

आता कल्पना करा की मूर गव्हर्नरने नेमलेले असते. एका आदेशात त्यांची खुर्ची गेली असती आणि दावाही गेला असता. मुख्यमंत्र्यांना नको असलेला दावा एखाद्या मोठ्या उद्योगाविरुद्ध राज्याच्या वतीने लावून वर्षानुवर्षं लढवणारा महाधिवक्ता आपल्या व्यवस्थेत असूच शकत नाही. तिथे तो होऊ शकला, कारण त्याला लोकांनी वेगळं मत देऊन बसवलं होतं.

दुसरं उदाहरण विजेचं. केम्पर काउंटीत कोळशापासून वायू करून ‘स्वच्छ’ वीज बनवायच्या प्रकल्पाला 2010 मध्ये वीज आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. विरोधातलं ते एक मत ब्रँडन प्रेस्ली यांचं. खर्च वाढत वाढत साडेसात अब्ज डॉलरांपर्यंत गेला, आणि 2017 मध्ये कोळशाचा नाद सोडून तो प्रकल्प साध्या नैसर्गिक वायूवर चालवायचं ठरलं. प्रेस्ली त्या आयोगावर उत्तर विभागातून निवडून आलेले होते. त्यांना वीज कंपनीची मर्जी सांभाळायची नव्हती, वीजबिल भरणाऱ्यांना तोंड दाखवायचं होतं. एका मताने प्रकल्प थांबला नाही हे खरं. पण विरोध नोंदला गेला, त्यामागची कारणं लोकांपुढे आली, आणि पुढे हाच माणूस गव्हर्नरपदासाठी उभा राहिला तेव्हा लोकांना त्याचं काम माहीत होतं.

म्हणून ‘इतकी पदं कशाला निवडायची, लोकांना काय कळतं’ हा सूर मला मान्य नाही. अमेरिकेत मतपत्रिका आखूड करण्याची चळवळ शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. आठ नावांपैकी सहा कोण आहेत हे सांगू न शकणारा मतदार पक्षाचं चिन्ह बघून मत देऊन टाकतो. विमा आयुक्त किंवा कृषी आयुक्त निवडणुकीने ठरवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. ज्या धंद्यावर नजर ठेवायची त्याच धंद्यातून प्रचाराला देणग्या येण्याची वाट तेवढी उघडी राहते. पण सरकारचा वकील आणि सरकारचे हिशेब तपासणारा ही दोन पदं वेगळी निवडलेली असावीत, या मतावर मी ठाम आहे.

आता दुसरी बाजू. तिच्यासाठी 1890 मध्ये जावं लागतं.

यादवी युद्धानंतरच्या काही वर्षांत मिसिसिपीत कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान केलं आणि सत्तेत वाटाही मिळवला. हायरम रेव्हेल्स 1870 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गेले. त्या सभागृहातले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. जेम्स लिंच राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट झाले, अलेक्झांडर डेव्हिस लेफ्टनंट गव्हर्नर झाले. मग 1875 च्या निवडणुकीत बंदुकांच्या धाकाने हे सगळं मोडून काढण्यात आलं. पण लोकसंख्येचं गणित बदलत नव्हतं. 1890 च्या जनगणनेत राज्यातले 57 टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. दर निवडणुकीला बंदुका काढणं गोऱ्या पुढाऱ्यांनाही जड जात होतं. त्यांना कायद्याने चालणारी कायमची व्यवस्था हवी होती.

राजधानी जॅक्सनमध्ये राज्याची घटना लिहायला परिषद भरली. 134 प्रतिनिधींमध्ये कृष्णवर्णीय एकच, आयझाया मॉन्टगोमेरी. मतदानासाठी वर्षाला दोन डॉलरचा कर आला. घटनेचं कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवलं तर समजावं, किंवा त्याचा ‘वाजवी अर्थ’ सांगता यावा अशी अट आली. अर्थ वाजवी आहे की नाही हे नोंदणी करणारा क्लर्क ठरवणार. निरक्षर गोऱ्याला आत घ्यायला आणि शिकलेल्या कृष्णवर्णीयाला बाहेर ठेवायला हे एकच वाक्य पुरेसं होतं. कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेही नाही, म्हणून 1898 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही याला हरकत घेतली नाही. ही घटना लोकांच्या मताला टाकलीच नाही; परिषदेने स्वतःच मंजूर करून लागू केली. आजही तीच घटना चालू आहे, दुरुस्त्यांसह.

या घटनेने पदं निवडणुकीने भरणं बंद केलं नाही, ही गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. गव्हर्नर निवडला जात होता, ॲटर्नी जनरल निवडला जात होता, शेरीफ निवडला जात होता. आणि मतदार नोंदणी करणारा सर्किट क्लर्कही निवडला जात होता. फॉरेस्ट काउंटीचे थेरॉन लिंड हे असेच निवडून आलेले क्लर्क. 1960 च्या सुमारास हॅटिसबर्ग शहरातल्या त्यांच्या कचेरीत पदवीधर कृष्णवर्णीय शिक्षक अर्ज घेऊन जायचे आणि नापास होऊन परत यायचे. अमेरिकेच्या न्याय खात्याला त्यांच्यावर खटला भरावा लागला. या माणसाला कुणी वरून नेमलेलं नव्हतं. त्याने नोंदवलेल्या मतदारांनीच त्याला निवडून दिलं होतं, आणि कुणाला नोंदवायचं हे तोच ठरवत होता. जितकी पदं निवडणुकीची, तितक्या ठिकाणी असा माणूस बसवता येत होता. याच काउंटीत 1966 च्या जानेवारीत व्हर्नन डाहमर यांचं घर जाळण्यात आलं. लोकांचा मतदान-कर आपल्या दुकानात भरून घ्यायची तयारी त्यांनी दाखवली होती. भाजल्यामुळे त्यांचा मृत्यू झाला.

1965 चा मताधिकार कायदा येण्याआधी मिसिसिपीतल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी सात टक्केही मतदार यादीत नव्हते. दोनच वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ गेलं. लोक तेच, राज्य तेच, निवडून द्यायची पदंही तीच. बदललं ते इतकंच की नावं लिहिण्याचा अधिकार स्थानिक क्लर्कच्या एकट्याच्या हातात राहिला नाही. केंद्र सरकारचे अधिकारी काउंट्यांमध्ये येऊन बसले.

कर गेला, वाचनाची परीक्षा गेली, पण 1890 च्या घटनेतली एक तरतूद 2020 पर्यंत जिवंत होती, आणि ती नेमकी या आठ पदांबद्दलच होती. राज्यभरातून निवडून यायचं तर निम्म्याहून अधिक मतं पुरेशी नव्हती. हाउसच्या 122 मतदारसंघांपैकी निम्म्याहून अधिक मतदारसंघांतही तुम्ही पुढे असायला हवं. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर गव्हर्नर कोण हे हाउस ठरवणार. मतदारसंघ गोऱ्या वर्चस्वाचे आखले की झालं. उद्या कृष्णवर्णीय मतदारांनी पसंत केलेला उमेदवार मतांत पुढे गेला तरी अखेरचा शब्द हाउसचा.

ही तरतूद कागदावरच पडून होती असं कुणी म्हणू नये. 1999 मध्ये रॉनी मसग्रोव्ह यांना माइक पार्कर यांच्यापेक्षा जास्त मतं पडली, पण निम्म्याहून थोडी कमी, आणि मतदारसंघ दोघांना 61-61. 2000 च्या जानेवारीत हाउसने मतदान करून 86 विरुद्ध 36 ने मसग्रोव्ह यांना गव्हर्नर केलं. जास्त मतं मिळवणाराच निवडला गेला, म्हणून फारसं बिघडलं नाही. पण राज्याचा प्रमुख त्या दिवशी 122 माणसांच्या मर्जीवर ठरला. 2019 मध्ये या तरतुदीविरुद्ध खटला उभा राहिल्यावर विधिमंडळ हललं, आणि 2020 च्या नोव्हेंबरात मतदारांनी सुमारे 79 टक्के मतांनी ती काढून टाकली. आता कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं.

या फेरमतदानाबद्दल शंका घेणारे आहेत, आणि शंका रास्त आहे. दुसऱ्या फेरीला लोक कमी येतात. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला महिन्याभरात दुसऱ्यांदा सुट्टी मागणं सोपं नसतं. तरी मी फेरमतदानाच्या बाजूने आहे, कारण तिथे निदान प्रत्येक मताची किंमत सारखी असते. मधे मतदारसंघांची चाळणी नसते.

या नव्या नियमाखालची पहिली निवडणूक 2023 ची. रिपब्लिकन गव्हर्नर टेट रीव्ज यांच्यासमोर डेमोक्रॅट म्हणून उभे राहिले ते वर सांगितलेले ब्रँडन प्रेस्ली. एल्व्हिस प्रेस्लीच्या नात्यातले म्हणून त्यांच्या आडनावाची चर्चा बरीच झाली. त्यांचे मुद्दे मात्र रोकडे होते: मेडिकेडची व्याप्ती वाढवायची, कारण अशी वाढ नाकारणाऱ्या दहा राज्यांत मिसिसिपी आहे; आणि गरीब कुटुंबांसाठी आलेल्या केंद्राच्या पैशातले किमान 7 कोटी 70 लाख डॉलर भलतीकडे वळवले गेले, त्याचा जाब विचारायचा. हा घोटाळा उघड झाला राज्याच्या लेखापरीक्षकाच्या कचेरीतून, आणि लेखापरीक्षक शॅड व्हाइट रिपब्लिकनच. त्यांना त्या पदावर आधी नेमलं होतं ते ज्यांच्या कारकिर्दीत हा घोटाळा झाला त्या गव्हर्नर फिल ब्रायंट यांनीच. नंतर ते निवडून आले. तरीही चौकशी झाली, तो पैसा ज्या खात्याकडे होता त्याच्या माजी प्रमुखाला अटक झाली. हिशेब तपासणाऱ्याचं पद गव्हर्नरच्या हाताखालचं नसणं किती उपयोगाचं, याचा हा आणखी एक दाखला.

रीव्ज सुमारे 51 टक्के मतांनी जिंकले. फरक सुमारे 26 हजारांचा.

त्या दिवशी हाइंड्स काउंटीत काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे. राजधानीचं जॅक्सन शहर याच काउंटीत येतं, आणि इथले बहुसंख्य मतदार कृष्णवर्णीय आहेत. मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सात. दिवस चढत गेला तशा काही केंद्रांवर मतपत्रिका संपल्या. वेगवेगळ्या मतदारसंघांसाठी वेगवेगळ्या नमुन्याच्या मतपत्रिका असतात. ज्या नमुन्याची संपली त्याचे मतदार रांगेत थांबले, जादा कागद येईपर्यंत. काही जण थांबले, काही निघून गेले. कुणाला मुलांना आणायचं होतं, कुणाची रात्रपाळी होती. संध्याकाळी न्यायालयांकडून वेळ वाढवून घ्यावी लागली; कुठे आठपर्यंत, कुठे नऊपर्यंत. मिसिसिपीत त्या वर्षी कुणालाही कारण न देता आधी किंवा टपालाने मत देण्याची सोय नव्हती. म्हणजे त्या मंगळवारी रांगेतून बाहेर पडला त्याचं मत गेलंच. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण आठ पदांची, 174 आमदारांची आणि काउंटीच्या डझनभर जागांची निवडणूक एका दिवसात उरकायची आणि तिच्यासाठी पुरेसे कागद छापायचे नाहीत, हा निष्काळजीपणा कोणत्याही राज्याला शोभत नाही. मिसिसिपीला तर त्याचा इतिहास पाहता मुळीच नाही.

आणि जे रांगेत उभेच राहू शकले नाहीत त्यांचं काय? 1890 च्या घटनेचं 241 वं कलम अजून लागू आहे. ठराविक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याचा मताधिकार कायमचा जातो. मूळ यादीत लाच, घरफोडी, चोरी, जाळपोळ, फसवणूक, खोटी साक्ष, बनावट कागद, अपहार, द्विभार्या असे गुन्हे होते. खून नव्हता. बलात्कार नव्हता. कृष्णवर्णीय लोक कोणते गुन्हे जास्त करतात याबद्दलच्या गोऱ्यांच्या समजुतीवर ही यादी बेतली होती, आणि हे 1896 मध्ये खुद्द राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलं आहे. घरफोडी 1950 मध्ये वगळली, खून आणि बलात्कार 1968 मध्ये घातले. या दुरुस्त्यांमुळे कलमाचा मूळ डाग पुसला गेला, असा निकाल केंद्रीय अपील न्यायालयाने 2022 मध्ये दिला. मला हा युक्तिवाद पटत नाही. यादीत दोन नावं वाढवली म्हणून आधीची आठ नावं कशासाठी घातली होती हे बदलत नाही. 1994 ते 2017 या काळात जवळपास 50 हजार लोकांनी या कलमाखाली मत गमावलं, आणि त्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. हे सगळे मतदानाला गेले असते आणि सगळ्यांनी एकाच बाजूला मत दिलं असतं असं मुळीच नाही. तरी 26 हजारांनी ठरलेल्या निवडणुकीशेजारी हा आकडा ठेवून बघायलाच हवा.

मत परत मिळवायचं कसं? गव्हर्नरने माफी द्यावी, किंवा विधिमंडळाने त्या एका माणसाच्या नावाने विधेयक आणून दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी मंजूर करावं. चाळीस वर्षांपूर्वी बनावट चेक दिला, शिक्षा भोगली, पुढे संसार केला, कर भरला, त्या माणसाला आपल्या भागातल्या आमदाराला गाठायचं, आपल्या जुन्या गुन्ह्याचा पाढा परक्यांपुढे वाचायचा, आणि 174 जणांनी आपल्याला पुन्हा मतदार म्हणावं याची वाट पाहायची. अशी विधेयकं वर्षाला फार थोडी मंजूर होतात. आपल्याकडे तुरुंगात असलेल्याला, अगदी कच्च्या कैद्यालाही, मत देता येत नाही. हा नियम मला अन्यायाचाच वाटतो. पण सुटून आल्यावर माणूस सरळ केंद्रावर जाऊन मत देतो, त्याला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण होणं अपरिहार्य आहे. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्या वेळी मताला शिक्षणाची, मालमत्तेची, कराची अट असणं शहाणपणाचं समजलं जात होतं. वाचता येत नाही त्याला मत कशाला, हा प्रश्न आपल्याकडचे सुशिक्षितही विचारत होते. मिसिसिपीच्या क्लर्कच्या टेबलावर हाच प्रश्न परीक्षा होऊन बसला होता. 1951-52 मध्ये आपल्याकडे सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच काळात मिसिसिपीतला पदवीधर शिक्षक घटनेच्या कलमाचा ‘वाजवी अर्थ’ सांगू शकला नाही म्हणून घरी परत जात होता. आपण गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, शेरीफ असं काहीच थेट निवडत नव्हतो. एक आमदार आणि एक खासदार, बस. त्या दोन मतांनी गावकुसाबाहेरच्या माणसाला जे दिलं, ते मिसिसिपीच्या लांबलचक मतपत्रिकेने तिथल्या कृष्णवर्णीय शेतमजुराला दिलं नव्हतं.

म्हणून महाराष्ट्रात ‘थेट जनतेतून’चा वाद निघतो तेव्हा मला तो अर्धवट वाटतो. सरपंचाची थेट निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये पुन्हा आली. प्रत्येक सरकारने आपल्याला सोयीची पद्धत आणली. या सगळ्यात ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या कुटुंबाचं मत कुठे पडतं, त्यांचं नाव यादीत राहतं का, निवडणूक नेमकी ते गावात नसताना लागते का, यावर किती बोललं गेलं? सरपंच थेट निवडला काय किंवा सदस्यांनी निवडला काय, बीडच्या फडावरच्या बाईचं मत दोन्ही वेळा पडणारच नसेल तर पद्धतीच्या वादाने तिच्या आयुष्यात काय फरक पडतो?

मिसिसिपीत फरक पडू शकतो याची चिन्हं मात्र आहेत, आणि ती पुन्हा मोजण्याच्या नियमातूनच आली आहेत. 2024 मध्ये केंद्रीय न्यायालयाने विधिमंडळाचे काही मतदारसंघ नव्याने आखायला लावले. 2025 च्या नोव्हेंबरात तिथे विशेष निवडणुका झाल्या आणि सिनेटमधलं रिपब्लिकनांचं दोन तृतीयांश बहुमत गेलं. फॉरेस्ट काउंटीच्या भागातून जॉनी डुप्री निवडून आले. हॅटिसबर्गचे ते माजी महापौर. 2011 मध्ये गव्हर्नरपदासाठी त्यांना मोठ्या पक्षाची उमेदवारी मिळाली, ती मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाला मिळालेली पहिलीच. लिंड यांची कचेरी याच काउंटीत होती. पण राज्यभरातून निवडायच्या आठ पदांवर यादवी युद्धानंतरची ती काही वर्षं सोडली तर आजवर एकही कृष्णवर्णीय निवडून आलेला नाही. लोकसंख्येत त्यांचा वाटा 38 टक्क्यांच्या आसपास असूनही.

आता 2027 ची निवडणूक येते आहे. रीव्ज पुन्हा उभे राहू शकत नाहीत, लेफ्टनंट गव्हर्नर डेल्बर्ट होझमनही आपल्या पदासाठी पुन्हा नाहीत. सगळ्यांचं लक्ष गव्हर्नरपदाकडे असेल. माझ्या मते महत्त्वाची लढत दुसऱ्या पदाची आहे. मिसिसिपीत लेफ्टनंट गव्हर्नर सिनेट चालवतो आणि सिनेटच्या समित्यांचे अध्यक्ष तोच नेमतो. 2024 मध्ये हिंसक नसलेल्या गुन्ह्यांत शिक्षा भोगून झालेल्यांना मत परत देणारं विधेयक हाउसने मोठ्या बहुमताने मंजूर केलं होतं, तेही रिपब्लिकन बहुमत असलेल्या हाउसने. सिनेटच्या समितीत ते चर्चेलाही घेतलं गेलं नाही. लोकांनी स्वतः सह्या गोळा करून प्रश्न मतदानाला टाकण्याची वाटही 2021 पासून बंद आहे. सह्या पाच मतदारसंघांतून आणा असं घटना सांगते आणि काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, राज्याचे मतदारसंघ उरलेत चार, म्हणून न्यायालयाने ती पद्धतच निकामी ठरवली, आणि विधिमंडळाने ती अजून दुरुस्त केलेली नाही. तेव्हा 241 वं कलम बदलायचं तर विधिमंडळातूनच जावं लागणार. लेफ्टनंट गव्हर्नरपदाच्या प्रत्येक उमेदवाराला मिसिसिपीच्या मतदारांनी एवढंच विचारावं: त्या समितीवर अध्यक्ष कोणाला नेमणार, आणि हे विधेयक पुन्हा आलं तर तो ते चर्चेला घेईल का?